सरांच्या पिस्तुलाची मूठ

जगात जे जे बिघडलेलं आहे ते पॉलिश पेपरने घासून सुधारता येतं, आणि जे बिघडलेलं नाही ते तर आधी घासायला हवं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू निघावा, हा माझ्या पत्रिकेतला दोष. हैदराबादेत दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासात त्यांनी उभी हयात फिजिक्स शिकवलं, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तीसुद्धा रागावली की त्यांना सरच म्हणते, आणि ती बहुतेक वेळा रागावलेली असते. याचं कारण सरांचं एअर पिस्तूल. पन्नाशीच्या आसपास माणसं गुडघ्यांविषयी बोलायला लागतात, गावाकडची जमीन बघून येतात, फार तर सकाळी फिरायला जातात. सर एका विद्यार्थ्याबरोबर सहज म्हणून नेमबाजीच्या रेंजवर गेले आणि येताना पिस्तुलाचं वेड घेऊन आले.

खेळ सांगायला सोपा आहे. एक हात खिशात घालायचा, दुसऱ्या हाताने पिस्तूल उचलायचं, दहा मीटरवरच्या लक्ष्याच्या मधल्या ठिपक्यावर छर्रा मारायचा, हात खाली आणायचा आणि पुन्हा उचलायचा. बघणाऱ्याला या खेळात एवढंच दिसतं. सरांच्या मते मात्र छर्रा मारणं हा या खेळातला सगळ्यात गौण भाग. खरा खेळ घरी, पाटावर बसून, कानस आणि स्क्रू पिळायचा पेचकस हातात घेऊन खेळायचा असतो. पिस्तुलाची लाकडी मूठ नेमबाजाच्या हाताला हातमोज्यासारखी बसली पाहिजे, हे खरंच आहे म्हणतात. पण इतर लोक ती एकदा बसवून घेतात. सर एके दिवशी तिच्यावर लाकडाच्या भुशाची पुट्टी चढवत आणि दुसऱ्या दिवशी तीच पुट्टी तासून काढत. त्यांच्या घरी गेलं की दारातच बारीक भुसा पायाला लागायचा. पोह्यांवर खोबरं म्हणून जे दिसायचं ते खोबरंच आहे याची खात्री करून मगच मी घास घेत असे.

घासण्याचा हा संसर्ग पिस्तुलापुरता राहिला असता तरी चाललं असतं. एकदा आमच्या घरी, गौलीगुड्याला, ते जेवायला आले होते. माझ्या बायकोने कुकर उचलताना जरा तोंड वाकडं केलं. झालं. "मूठ चुकीची आहे. अंगठ्याला आधारच नाही," असं म्हणून सरांनी खिशातून पॉलिश पेपर काढला. हा माणूस दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना खिशात पॉलिश पेपर घेऊन जातो, याचं आम्हाला तोवर काही वाटेनासं झालं होतं. जेवणं होईपर्यंत कुकरच्या मुठीवर अंगठ्यासाठी एक सुरेख खळगा तयार झाला. तो सरांच्या अंगठ्याचा होता. तेव्हापासून आमचा कुकर सर घरी आले की झकास लागतो आणि उघडतो. एरवी आम्ही वरणभात पातेल्यात शिजवतो.

उभं राहण्याचंही त्यांचं शास्त्र होतं. दोन पावलांमध्ये किती अंतर, कुठलं पाऊल किती वळलेलं, हे रोज बदलू नये म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीत फरशीवर पांढऱ्या रंगाने स्वतःच्या पावलांचे आकार काढून ठेवले होते. त्यावर उभं राहून ते समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यावर रिकामं पिस्तूल रोखायचे. एका वर्षी संक्रांतीला अक्काकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ती पावलं बघितली, आपसात कौतुक केलं आणि लक्ष्मीची समजून त्यांच्यावर भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं. नऊ नंबरची लक्ष्मी. अक्का हसावं की रडावं अशी उभी होती. सर आतून बाहेर आले, पावलांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "डाव्या पायावर जास्त पडलंय. वजन तिकडेच जातं, मी म्हणतच होतो."

नेम धरताना लक्ष्याकडे बघायचं नसतं, हे मला सरांकडून कळलं. नळीच्या टोकाला एक छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. डोळा त्या माशीवर ठेवायचा. लक्ष्य अंधुकच दिसलं पाहिजे. हा नियम सर रस्ता ओलांडतानाही पाळत असावेत, असा दिलसुखनगरच्या रिक्षावाल्यांचा समज होता. दुसरा नियम असा की छर्रा सुटल्यावरही हात तसाच धरून ठेवायचा, लगेच खाली आणायचा नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, लोक जेवणाच्या पंगतीकडे वळले, तरी सर उजवा हात नवऱ्या मुलाच्या दिशेने ताठ ठेवून, अर्धा श्वास रोखून उभे होते. लग्नाच्या अल्बममध्ये ते प्रत्येक फोटोत तसेच आहेत. नवरीकडच्या मंडळींनी हळूच चौकशी केली, की त्यांना पूर्वी काही झटका वगैरे येऊन गेलाय का.

एवढं सगळं करून गुण किती यायचे? बेताचे. ज्या दिवशी वाईट यायचे त्या दिवशी दोष मुठीचा. पण खरं संकट चांगले गुण यायचे त्या दिवशी यायचं. "साडूबुवा, एवढ्यावर एवढे आले, तर आता तळहाताखाली केसभर तासलं की काय होईल विचार करा," असं म्हणत ते घरी यायचे, केसभर तासायचे आणि दुसऱ्या दिवशी छर्रे पुन्हा दाही दिशांना. आपल्या हाताने आपलं चांगलं चाललेलं बिघडवणारी माणसं मी बँकेतल्या नोकरीत पुष्कळ पाहिली. पण ते काम इतक्या निष्ठेने, इतक्या बारीक कानशीने करणारा दुसरा नाही पाहिला.

गेल्या वर्षी तर त्यांनी कहर केला. राज्य स्पर्धेआधी प्रत्येकाच्या पिस्तुलाची तपासणी होते. चाप ठरल्यापेक्षा हलका असून चालत नाही. त्याला वजन अडकवून पिस्तूल उचलून बघतात, आणि चाप तेवढं वजन पेलून न सुटता राहिला तरच पुढे जाऊ देतात. सरांनी आदल्या आठवड्यात चापावर आपली कला दाखवली होती. तपासनिसाने वजन अडकवलं मात्र, चाप खटकन सुटला. त्याने पुन्हा संधी दिली, पुन्हा तेच. इथे शहाण्या माणसाने बाजूला जाऊन स्क्रू आवळून आणला असता. सरांनी त्या तपासनिसाला वजन आणि वस्तुमान यांतला फरक समजावून द्यायला सुरुवात केली, आणि या जागेचं गुरुत्वाकर्षण किंचित वेगळं असू शकतं इथपर्यंत आले. मागे रांग लागली होती. "ग्रॅव्हिटी अंदरिकी ओकटे, सर," तो शांतपणे म्हणाला. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच. असं म्हणून त्याने पिस्तूल परत केलं. तोवर वेळ संपली आणि सर एकही छर्रा न मारता घरी आले.

त्याच संध्याकाळी, मी आणि माझी बायको तिथे असताना, अक्काने निकाल दिला. ती मूळची गौलीगुड्याचीच, तिच्या मराठीला आमच्या हैदराबादचं पाणी आहे. "हे बघा सर, मी लई वर्षं लाइट घेतलं, मनावर घेतलं नाही. आता बस झालं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेला जायापुरते गुण आणले तर आणले. नाही आणले तर ते पिस्तूल पेटीसकट माळ्यावर जाईल. मला परेशान करायचं नाही, माळ्यावर चढायचं नाही."

सर "बरं" म्हणाले. वाद घातला नाही, फिजिक्स काढलं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. क्लासवाल्यांनी त्यांना नुकताच निरोप दिला होता. तिथे आता तरुण पोरं पडद्यावर शिकवतात. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. सकाळी उठून ज्यासाठी पायात बूट घालावेत असं या माणसाजवळ ते पिस्तूल सोडून काही उरलं नव्हतं, आणि तेही आता वर्षाच्या बोलीवर होतं. अक्कालाही हे कळत होतं. पण बोललेलं मागे घेणं तिच्या माहेरी कुणाला जमत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

यंदा राज्य स्पर्धा नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. खंडेनवमीला अक्काकडे हत्यारांची पूजा असते. पूर्वी तिथे विळी, सुरी, सरांच्या स्कूटरचा पाना एवढंच असायचं. अलीकडे पिस्तूलही मांडतात. यंदा मात्र अक्काने पाटावर लाल कापड घातलं आणि पिस्तुलाशेजारी सरांच्या सगळ्या कानशी, सगळे पेचकस, लहान-मोठ्या चाव्या, पुट्टीचा डबा आणि पॉलिश पेपरची गुंडाळी ओळीने मांडली. कपाटातलं, खिशातलं, गादीखालचं, काही म्हणून तिने बाहेर ठेवलं नाही. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. पूजेला बसलेलं हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. दसऱ्याला संध्याकाळी आम्ही सोनं द्यायला गेलो तर सर त्या पाटासमोर येरझारा घालत होते.

"उत्तरपूजा कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"काय की," अक्का म्हणाली. "आज आल्यागेल्यात राहिली. उद्या दुपारी करू."

"उद्या सकाळी माझी स्पर्धा आहे."

"हौ, मालूम आहे. पिस्तूल घेऊन जावा. ते लढाईला चाललंय, त्याला चालतंय. कानशी कुठं लढाईला चालल्यात? त्या बसू द्या."

"मूठ जरा जड लागायलीय. नुसतं इथं, अंगठ्याच्या मागं—"

"नक्को. पूजेतलं हलवायचं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. जन्मभर विज्ञान शिकवलेला हा माणूस देवाला घाबरत नसेलही. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी पूजा मोडायची त्याचीही छाती झाली नाही. दसऱ्यामुळे हार्डवेअरची दुकानं बंद होती. ते दुपारीच जाऊन बघून आले होते, हे मला अक्काने नंतर सांगितलं.

सकाळी मी त्यांना गाडीने रेंजवर नेलं. तपासणीच्या टेबलावर गेल्या वर्षीचाच माणूस होता. मुठीवर हळदकुंकवाचे डाग बघून त्याने आधी भुवया उंचावल्या, मग "आयुध पूजा?" असं विचारून स्वतःच मान डोलावली. चापाने वजन निमूटपणे उचललं, कारण गेल्या वर्षीच्या फजितीनंतर स्क्रू आवळला, तेवढाच; पुढे वर्षभरात सरांनी त्याला हात लावला नव्हता. मुठीनेच त्यांना वेळ दिला नव्हता. मी मागे प्रेक्षकांच्या खुर्चीत बसलो. प्रत्येकाचे गुण छोट्या पडद्यावर उमटत होते. सर उभे राहिले, हात उचलला, मारला. पडद्यावर दहा. मला वाटलं चुकून झालं असेल. पुन्हा दहा, मग नऊ, मग दहा. पहिली फेरी संपली तेव्हा मी खुर्चीच्या टोकावर सरकलो होतो.

जसजसे गुण चांगले पडत गेले तसतसे सर अस्वस्थ होत गेले. हे मला पाठीमागूनही दिसत होतं. दर छर्ऱ्यानंतर खिशातला डावा हात काहीतरी चाचपायचा आणि रिकामाच थांबायचा. मूठ वळवून बघायचे, अंगठ्यामागची जागा नखाने खरवडायचे. सगळं सुरळीत चालू आहे आणि आपण काहीच करत नाही, ही अवस्था त्यांना सोसत नव्हती. शेवटची फेरी सुरू झाली. शेजारी एक तरुण मुलगी नेम धरून उभी होती आणि तिच्या टेबलावर, सरांच्या हाताच्या अंतरावर, एक छोटासा पेचकस पडलेला होता. सरांना तो दिसला. पिस्तूल त्यांनी टेबलावर ठेवलं. पेचकसाकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. प्रेक्षकांनी खेळाडूशी बोलायचं नसतं, तसा कडक नियम आहे. मी देवघरासमोर उभा असल्यासारखे दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून मान खाली घातली.

डोळे उघडले तेव्हा पेचकस जागच्या जागी होता, सर पाठ करून उभे होते आणि त्यांचा हात वर गेलेला होता.

हवे होते त्यापेक्षा थोडे जास्तच गुण आले. सर बाहेर आले आणि बूट न सोडता बाकावर बसून राहिले. मी पाठीवर थाप मारली, पेढ्यांचं काहीतरी बोललो. त्यांचं लक्ष नव्हतं. घरी अक्काने ओवाळलं, देवापुढे साखर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. मग लगबगीने उत्तरपूजा करून सगळ्या कानशी त्यांच्यापुढे ठेवल्या. "घ्या सर, तुमचं धन." त्यांनी त्या उचलून कपाटात ठेवून दिल्या.

राष्ट्रीय स्पर्धेला ते जाऊन आले. शेवटाच्या जवळचा नंबर आला, आणि त्याबद्दल त्यांनी कुणालाही दोष दिला नाही, मुठीलासुद्धा नाही. मग पिस्तूल पेटीत गेलं. माळ्यावर नाही, बैठकीतल्या कपाटात. पण ते बाहेर निघेना. फरशीवरची पावलं पुसट होत गेली. काही दिवसांनी अक्काचा फोन आला. "भावजी, काहीतरी करा. दिवसभर खुर्चीत बसून राहायलेत. पोह्यात खोबरंच निघायलंय, मला घशाखाली उतरेना झालंय."

मी गेलो. सर वर्तमानपत्र वाचत होते. मी स्पर्धेचा विषय काढला, तेव्हा ते वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "साडूबुवा, मूठ पहिल्यापासूनच बरोबर होती का हो? मग इतकी वर्षं मी करत काय होतो?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची मी किती वर्षं वाट पाहिली होती. आमच्या कुकरची शपथ घेऊन सांगतो, ऐकायला मिळालं तर घरी जाऊन साजरं करायचं ठरवलं होतं. प्रत्यक्ष ऐकलं तेव्हा फार वाईट वाटलं. मी उठलो, पिस्तूल बघू द्या म्हणालो. त्यांनी पेटी उघडली, ते रिकामं असल्याचं दोनदा बघितलं आणि माझ्या हातात दिलं. मी भिंतीकडे रोखून धरलं आणि खोटं बोललो. "सर, इथे अंगठ्याच्या मुळाशी जरा टोचतंय. थोडं तासायला हवं का?"

"टोचणारच," ते वर न बघता म्हणाले. "ती माझ्या हाताची आहे."

माझा डाव फसला. मी पिस्तूल परत देऊ लागलो, तर त्यांनी पिस्तूल घेतलं आणि माझा हात सोडलाच नाही. उलटा केला, सुलटा केला. अंगठ्याचं मूळ दाबून बघितलं, बोटांना बोटं लावून मापं घेतली. "तुमची करंगळी फारच आखूड आहे," ते म्हणाले, जणू ही गोष्ट मी त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. "या हाताला तयार मूठ चालायची नाही. वेगळी करावी लागेल. अगदी पहिल्यापासून." आणि त्यांनी मान वर करून हाक मारली, "अगं, पावडरचा डबा आणतेस का जरा?" अक्का कपाटाकडेच धावली. कानशी आधी आणल्या, पावडर नंतर.

आता दर रविवारी सकाळी मी दिलसुखनगरला जातो. हाताला पावडर लावून ओल्या पुट्टीची मूठ धरायची, आणि ती वाळेपर्यंत हलायचं नाही. माझा हात अवघडून थरथरतो, म्हणून सर खालून मनगटाला आपला हात लावून उभे राहतात. पॉलिश पेपरने खरखरीत झालेला, चांगला ऊबदार हात आहे त्यांचा. मला नेमबाजी शिकायची नाही, पिस्तुलाच्या आवाजानेसुद्धा मी दचकतो. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. परवा पुट्टी वाळली, त्यांनी बोटं सोडवली, मूठ उजेडात फिरवून बघितली आणि करंगळीपाशी केसभर जास्त झालंय म्हणाले. मी म्हटलं, मलाही तसंच वाटतंय.